देश वाटू नका, प्रश्न वाटा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी आठवीला समाजशास्त्र शिकवतो. वर्गात चाळीस मुलं, शाळेत बारा टॅब, एक प्रोजेक्टर आणि मनात येईल तेव्हा चालणारं वायफाय. गेल्या महिन्यात 'जगातल्या संस्कृती' हा प्रकल्प घेतला. दहा गट केले, दहा देश वाटले, दोन आठवडे दिले. सादरीकरणं दहा झाली, पण मला एकच सादरीकरण दहा वेळा बघितल्यासारखं वाटलं. आधी झेंडा, मग नकाशा, पेहराव, खाणं, सण आणि शेवटी 'धन्यवाद' लिहिलेलं फिरतं फूल. केनियाच्या गटाने सगळ्या स्लाइडवर उड्या मारणारे मासाई जमातीचे लोक लावले होते. बेनिन देशाच्या गटाने प्रसिद्ध 'बेनिन ब्राँझ' ही धातूची शिल्पं दाखवली, आणि ती त्या देशाची नाहीतच हे मला दोन दिवसांनी कळलं. निम्म्या गटांचा मजकूर चॅटजीपीटीने लिहिलेला होता. ऐकताना मला ते कळत होतं, पण आपण काय वाचतोय हे वाचणाऱ्या मुलांनाच कळत नव्हतं.

मुख्याध्यापिका म्हणतात, आभासी जग दाखवणारे दहा व्हीआर चष्मे घेऊ, मुलं जगभर फिरून येतील. तुम्ही कोणतं अ‍ॅप सुचवाल? एआयवर बंदी घालू का?

आणखी एक. वर्गात परदेशातून आलेला एक मुलगा आहे. त्याचा देश यादीत होता म्हणून मुलांनी त्याला 'तुमच्याकडचा नाच करून दाखव' असं सांगितलं. तो हसला, पण पुढचे दोन दिवस शाळेत आला नाही.

— एक थकलेला शिक्षक

सर, नमस्कार.

ते फिरतं फूल माझ्या ओळखीचं आहे. माझ्या वर्गात ते पांढऱ्या तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात स्केचपेनने काढलेलं असायचं. त्याच्या वर हेच सगळं, याच क्रमाने: झेंडा, नकाशा, पेहराव, खाणं, सण. तुमच्या मुलांनी तो तक्ताच टॅबवर चढवला. म्हणून अ‍ॅपचा प्रश्न थोडा मागे ठेवते, रागावू नका.

गोची वाटणीत झाली आहे. चार मुलांच्या हाती अख्खा देश दिला तर ती बिचारी त्याचं करणार काय? पहिल्या पानावर सापडेल ते उचलतात, आणि वेळेचा विचार केला तर त्यात चूकही नाही. 'केनिया संस्कृती' असं शोधलं की मासाई येतात, कारण पर्यटकांचे कॅमेरे त्यांच्याकडेच वळलेले असतात. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत लोकसंख्या ४ कोटी ७५ लाखांच्या पुढे होती, त्यात मासाई सुमारे १२ लाख. हे दोन आकडे त्याच गटाला शोधायला लावा आणि विचारा, बाकीचे साडेचार कोटींहून जास्त लोक तुमच्या स्लाइडवर का आले नाहीत? मग ती मुलं नैरोबीच्या मताटूंपाशी पोचतील. मताटू म्हणजे खाजगी मिनीबस, नखशिखांत रंगवलेल्या, गाणी लावून धावणाऱ्या. त्यातली पोरं स्वाहिली आणि इंग्रजीच्या मिसळीतून झालेली 'शेंग' बोलतात. २००७ मध्ये तिथे एम-पेसा सुरू झालं आणि साध्या फोनवरून गावाकडे पैसे पाठवणं रोजचं झालं. हीसुद्धा संस्कृतीच, फक्त तिला पिसं लावलेली नसतात म्हणून ती फोटोत येत नाही.

पुढच्या खेपेला देश देऊ नका. एखादी वस्तू द्या, आवाज द्या, जागा द्या, काम द्या, आणि त्यासोबत एक अडचणीचा प्रश्न. एका ओळीत उत्तर मिळालं तर प्रश्न बदला.

मी स्वतः ज्याने सुरुवात करेन तो एक पूल आहे. पेरू देशात, अँडीज पर्वतात, आपुरिमाक नदीच्या घळीवर गवताच्या दोरांचा एक झुलता पूल आहे, त्याचं नाव केस्वाचाका. केचुआ बोलणाऱ्या चार वस्त्यांचे लोक तो दरवर्षी जूनच्या सुमारास नव्याने बांधतात. घराघरांतून गवताच्या बारीक दोऱ्या वळून येतात, त्यांचे जाड दोर होतात, त्यांचे आणखी जाड. तीन दिवसांत पूल उभा राहतो आणि मग उत्सव. २०१३ मध्ये युनेस्कोने या कामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. नोंद कशाची आहे ते मुलांना नीट वाचायला सांगा: पुलाची नाही, तो दरवर्षी नव्याने बांधण्याच्या ज्ञानाची, कौशल्यांची आणि विधींची. महामारीत २०२० ची बांधणी हुकली, जुने दोर कुजले, आणि मार्च २०२१ मध्ये पूल नदीत कोसळला. त्याच वर्षी जूनमध्ये लोकांनी तो पुन्हा बांधला.

आता प्रश्न. तिथे जवळच गाड्या जाऊ शकतील असा पक्का पूल आहे. मग गवताचा पूल बांधायचा कशासाठी?

हा प्रश्न गटाला देऊन तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसा. पहिलं मूल म्हणेल 'परंपरा म्हणून'. दुसरं म्हणेल 'पर्यटक येतात म्हणून'. तिसरं त्या नोंदीसोबतचं व्हिडिओचित्रण बघताना म्हणेल की कोणत्या घराने किती दोर आणायचा हे सगळ्यांना माहीत दिसतंय. तिथून गाडी कुठेही जाऊ शकते, आणि झेंड्याची आठवणही कुणाला येणार नाही.

असे विषय भरपूर आहेत. मार्शल बेटांवरचे दर्यावर्दी काड्या बांधून आणि त्यांवर शिंपले लावून लाटांचे नकाशे करायचे, पण होडीत मात्र ते न्यायचे नाहीत. नकाशा घरीच ठेवायचा तर करायचा कशाला? स्पेनच्या ला गोमेरा बेटावर दऱ्यांच्या आरपार शिट्ट्यांतून बोलायची भाषा आहे, सिल्बो. १९९९ पासून तिथल्या शाळांत ती शिकवली जाते. हातोहाती फोन आल्यावरही मुलांना ती का शिकवायची? जपानमध्ये बऱ्याच गावांत संध्याकाळी पाचच्या सुमारास भोंग्यांवर एक धून वाजते. आपत्तीची सूचना देणारी यंत्रणा चालू आहे ना, याची ती रोजची तपासणी असते. तिथल्या मुलांना त्या धुनेतून काय ऐकू येत असेल? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्यासाठी त्या मुलांनी लिहिलेलं किंवा सांगितलेलं काहीतरी शोधावंच लागतं.

आता टॅब. पहिल्या दोन तासिका ते कपाटातच राहू द्या. आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत आहे असं वाटतं, आणि हे कुणाला विचारायला हवं, एवढं कागदावर उतरू द्या. बारा टॅब चाळीस मुलांत फिरवण्यापेक्षा एका वेळी चार गटांना तीन-तीन द्या. बाकीच्यांनी तोवर छापील मजकूर वाचावा, चित्रांचं निरीक्षण करावं, प्रश्न नव्याने लिहावेत. वायफायच्या भरवशावर तासिका आखायचीच नाही. किविक्स नावाची मोफत व्यवस्था आहे, तिच्यात विकिपीडिया आधी उतरवून ठेवता येतो आणि नेट नसतानाही तो उघडतो. व्हिडिओ आदल्या दिवशी स्वतः उतरवून ठेवा, अर्थात उतरवायची परवानगी असलेलेच.

शोधायचं कसं, हे मात्र शिकवावं लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. त्या पुलाच्या गटाला आधी आपल्या भाषेत शोधू द्या. येईल ती माहिती चार-दोन पानांची आणि एकमेकांची नक्कल असेल. मग फळ्यावर स्पॅनिश शब्द लिहा, 'पुएन्ते', म्हणजे पूल. तो शब्द आणि त्यापुढे पुलाचं नाव रोमन लिपीत टाकायला सांगा. पडदा एकदम बदलतो. पेरूतल्या त्याच कुस्को भागातल्या बातम्या येतात, तिथल्या लोकांच्या मुलाखती येतात, पूल पडला त्या वेळचे फोटो येतात. भाषांतराचं बटण आहेच. भाषांतर वेडंवाकडं होईल, होऊ द्या, त्यावरून वर्गात चांगली भांडणं होतात. त्याच विषयाचं विकिपीडियातलं पान तीन भाषांत उघडून कोणत्या भाषेत काय गाळलंय हे बघणं हा तर एका अख्ख्या तासिकेचा खेळ आहे.

दुसरी सवय म्हणजे पान सोडून बाहेर पडायची. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले आणि झकपक मांडणीला, भारदस्त नावाला भुलले. तथ्यतपासनीस काही क्षणांत त्या पानातून बाहेर पडले, ब्राउझरमध्ये नव्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर कोण काय म्हणतंय ते बघितलं. आपण मुलांना आयुष्यभर 'नीट वाच, पूर्ण वाच' असं सांगत आलो, त्यामुळे हे मला पचायला जरा जड गेलं. पण नेटवर आधी सांगणारा कोण आहे ते बघायचं आणि मग नीट वाचायचं, हाच क्रम बरोबर आहे.

बेनिनची गंमत याच सवयीने सुटली असती. तुमच्या मुलांना नावाने फसवलं. त्या मूर्ती आणि पट्टिका बेनिन राज्याच्या, आणि त्या राज्याची राजधानी, बेनिन सिटी, आजच्या नायजेरियात आहे. शेजारच्या बेनिन देशाचं नाव १९७५ पर्यंत दाहोमे होतं. शिवाय 'ब्राँझ' म्हणतात खरं, पण त्यांतलं बरंचसं काम पितळेचं आहे. म्हणजे नावातली एकही गोष्ट धड नाही! १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने राजधानीवर हल्ला करून त्या वस्तू लुटल्या आणि त्या जगभर पांगल्या. २०२२ पासून 'डिजिटल बेनिन' या संकेतस्थळावर अनेक देशांतल्या शंभराहून जास्त संस्थांकडच्या पाच हजारांहून जास्त वस्तू एकत्र बघता येतात, आणि त्यांची तिथल्या एडो भाषेतली नावंही दिली आहेत. त्या गटाला रागावू नका. 'आम्ही सुई चुकीच्या देशात कशी टोचली' हाच त्यांचा नवा विषय करा. वर्गात सगळ्यात जास्त हशा आणि सगळ्यात जास्त लक्ष त्यालाच मिळेल, पैज लावते.

एआयवर बंदी घालू नका, पण त्याला लेखक होऊ देऊ नका. त्याचं काम संशयिताचं. पुलाबद्दल दहा वाक्यं त्याच्याकडून मागवा, छापा, आणि प्रत्येक वाक्यापुढे मुलांनी खूण करायची: दुसरीकडे सापडलं, सापडलं नाही, चूक निघालं. सापडलं नाही तरी वाक्य किती आत्मविश्वासाने लिहिलंय ते त्यांच्या लक्षात आणून द्या. बऱ्याच सेवांच्या नियमांत १३ वर्षांखालच्यांना खातं उघडायला मनाई आहे आणि त्यावरच्या मुलांनाही पालकांची संमती लागते. त्यामुळे हे काम तुमच्या खात्यावरून, प्रोजेक्टरवर, सगळ्यांसमोर करा. एआयने काढलेली चित्रं मात्र या विषयात मी चालवून घेणार नाही. 'आफ्रिकेतलं गाव' म्हटलं की यंत्र हजारो फोटोंची सरासरी काढून कुठेच नसलेलं गाव तयार करतं. त्याच सरासरीतून तर आपल्याला मुलांना बाहेर काढायचंय.

कुणी उतरवलंय हे पकडणाऱ्या यंत्रांच्या मागे लागू नका. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, कारण त्याची अचूकता कमी होती. त्यापेक्षा प्रत्येक गटाची एक शोधवही सामायिक गूगल डॉकमध्ये ठेवा. तीनच रकाने: काय सापडलं, कोण म्हणतंय, त्याला कसं माहीत. डॉकच्या बदलांच्या इतिहासात तुम्हाला दिसतं की मंगळवारी नऊ बेचाळीसला एक बाळसेदार परिच्छेद अख्खा येऊन आदळला. आरोप करायचा नाही. त्या मुलाशेजारी बसून विचारायचं, 'यातला तिसरा रकाना राहिलाय, भरूया का?'

फोटोंबद्दल. 'गूगलवरून साभार' हे श्रेय नव्हे, सर, मुलांना पहिल्या दिवशी हे सांगा. गूगल म्हणजे पत्ता सांगणारा वाटाड्या, घर कुणाचं ते लिहायला हवं. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली छायाचित्रकार आणि वापराच्या अटी असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने २०२० मध्ये लाखो चित्रं कुणालाही वापरायला खुली केली आहेत. रोजचं घर बघायचं असेल तर गॅपमाइंडर या संस्थेचं 'डॉलर स्ट्रीट' हे संकेतस्थळ उघडा. साठहून अधिक देशांतली शेकडो घरं तिथे उत्पन्नाप्रमाणे रांगेत लावली आहेत: चूल, दात घासायचा ब्रश, झोपायची जागा, मुलांची खेळणी. दूरदूरच्या दोन देशांतल्या सारख्याच कमाईच्या घरांत स्वयंपाकघर कसं सारखं दिसतं हे बघितल्यावर मुलं स्वतःच विचारतात, 'मग याला संस्कृती म्हणायचं की पैसा?' माझ्याकडे एकदा हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तासिका संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही.

मोफत असलेलं सगळं वापरावं असंही नाही. ऑस्ट्रेलियात उलुरू हा प्रचंड खडक तिथल्या मूळ रहिवासी आनंगू लोकांसाठी पवित्र आहे. २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणं बंद झालं. पण गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर लोकांनी माथ्यावरून काढून चढवलेली दृश्यं तशीच होती, म्हणजे पायांनी बंद केलेली वाट बोटांनी चालूच होती. तिथल्या उद्यान प्रशासनाच्या विनंतीवरून २०२० मध्ये ती काढण्यात आली. ही घटना वर्गात सांगा आणि मुलांना ठरवू द्या की तुमच्या गटाच्या विषयात असं काही आहे का, जे दिसतंय पण दाखवायचं नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, तोंड पोळल्यामुळे सांगतेय. माझ्या वर्गातल्या एका गटाने एका बेटावरच्या नौकाशर्यतींचं सादरीकरण केलं होतं. छान जोशात, मागे ढोल आणि सामूहिक गाणं. आम्ही सगळ्यांनी ताल धरला. पुढे मी त्या गाण्याचा मूळ व्हिडिओ शोधून खालचं वर्णन भाषांतरित करून बघितलं, तर ते गाणं अंत्ययात्रेचं होतं. मुलांना सांगितल्यावर त्यांचे चेहरे पडले. गाणं निवडलं त्यांनी, पण 'पार्श्वसंगीत जोडा' ही सूचना माझी होती. तेव्हापासून माझा नियम झाला: ज्याचे शब्द आणि प्रसंग ठाऊक नाहीत ते संगीत वाजवायचं नाही.

न्यूझीलंडमधल्या 'का माते' या हाकाचंही असंच आहे. हाका म्हणजे तिथल्या माओरी लोकांचं शब्द म्हणत करायचं समूहनृत्य. रग्बीमुळे ती जगाला माहीत झाली, जो तो मांड्या थोपटून तिची नक्कल करतो. तिचे रचनाकार ते रौपराहा आणि त्यांची ङाती तोआ ही जमात यांचं श्रेय २०१४ मध्ये न्यूझीलंडने खास कायदा करून मान्य केलं. नाव घेऊन, अर्थ सांगून, मूळ सादरीकरण पडद्यावर दाखवा. तुमच्या मुलांनी ती वर्गात नाचून दाखवायची काही गरज नाही. पेहराव घालून येण्याचंही तेच.

सादरीकरण कसं असावं? स्लाइडवर वाक्य लिहायचंच नाही, हा एक नियम केलात तरी अर्धं काम होतं. एक चित्र, त्याखाली श्रेय, आणि बोलायला मूल. ज्यांना उभं राहून बोलायची भीती वाटते त्यांच्यासाठी आवाजाचं प्रदर्शन मांडा. भिंतीवर चित्र, शेजारी क्यूआर कोड, त्यामागे मुलाने स्वतः बोललेली दीड मिनिटाची ध्वनिफीत. बाकीची मुलं टॅब आणि हेडफोन घेऊन फिरतात, एरवी गप्प बसणाऱ्या पोराचा आवाज कानात ऐकतात आणि मग वळून त्याच्याकडे बघतात. दीड मिनिटासाठी पोरं दहा-दहा वेळा ध्वनिमुद्रण करतात. दर वेळी एक फालतू वाक्य गळतं. प्रवासाचा, व्यापाराचा, स्थलांतराचा विषय असेल तर स्टोरीमॅपजेएस हे मोफत साधन चांगलं, नकाशावर एकेका ठिकाणी थांबत गोष्ट सांगता येते. आणि प्रत्येक गटाने शेवटी 'धन्यवाद' ऐवजी एक न सुटलेला प्रश्न मांडायचा, आणि तो कुणाला विचारला असता हेही सांगायचं.

जमलं तर खरंच विचारा. दुसऱ्या देशातल्या एखाद्या वर्गाशी व्हिडिओ कॉल झाला तर उत्तमच, पण घड्याळाकडे लक्ष ठेवा. मी एकदा पस्तीस मुलांना घेऊन कॅमेऱ्यासमोर बसले होते आणि पलीकडे कुणीच नाही. त्यांच्याकडे आदल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली होती, मी ते बघितलंच नव्हतं. ते आले तेव्हा आमची शाळा सुटली होती. आता मी ध्वनिमुद्रित प्रश्न पाठवणंच पसंत करते. मुलं विचार करून विचारतात, समोरची मुलं सवडीने उत्तर देतात. मात्र मुलांचे चेहरे आणि आवाज शाळेबाहेर जाणार असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या.

आता व्हीआर चष्मे. मुख्याध्यापिकांना माझा नमस्कार सांगा आणि गूगल एक्स्पिडिशन्सची हकिकत ऐकवा. शाळांसाठीच्या आभासी सहलींचं हे अ‍ॅप २०२१ च्या जूनमध्ये बंद झालं. गूगलचाच डिजिटल फळा, जॅमबोर्ड, २०२४ च्या अखेरीला गेला, स्काइप मे २०२५ मध्ये. मुलांचं काम साध्या मजकुराच्या, चित्रांच्या आणि आवाजाच्या फायलींत साठवा, म्हणजे अ‍ॅप गेलं तरी काम राहील. चष्मा डोळ्यांवर चढला की मूल एकटं पडतं, 'वॉव' म्हणतं आणि काढून पुढच्याला देतं. शेजाऱ्याला कोपर मारून 'ते बघ' म्हणता येत नाही. त्याऐवजी बरे मायक्रोफोन आणि हेडफोन मागा.

हेडफोन म्हणते त्याचं कारण आहे. रेडिओ गार्डन नावाचं एक संकेतस्थळ आहे, २०१६ पासूनचं. पडद्यावर पृथ्वीचा गोल येतो, त्यावर हिरवे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावचं रेडिओ केंद्र त्या क्षणी जे ऐकवत असेल ते ऐकू येतं: बातम्या, जाहिराती, क्रिकेट नाहीतर फुटबॉल, रात्रीची गाणी, कुणीतरी फोन करून घातलेला वाद. भाषा कळत नाही, तरी सूर कळतो. आणि एक गोष्ट हमखास घडते: मुलांना वाटलेलं असतं की तिथे सारखं 'पारंपरिक' काहीतरी वाजत असेल, आणि निघतं वाहतूक कोंडीचं निवेदन.

आता तो मुलगा. ही गोष्ट तुम्ही 'आणखी एक' म्हणून शेवटी लिहिलीत, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत असं मला वाटतं. तो तुमच्या वर्गात आठवीचा विद्यार्थी म्हणून आला आहे, देशाचा वकील म्हणून नाही. कदाचित त्याला तो नाच येतही नसेल. कदाचित ज्या गावातून तो आला तिथे तो नाच कुणीच करत नसेल. आधी त्याच्याशी एकट्याशी बोला. वर्गासमोर माफी मागायला कुणाला उभं करू नका, त्यात पुन्हा तोच सगळ्यांच्या नजरेत येईल. 'माझी यादी चुकली, देश वाटायला नको होते' असं तुम्ही म्हणा, कारण ते खरंच आहे. पुढच्या प्रकल्पात त्याला हवा तो विषय घेऊ द्या. स्वतःच्या देशाबद्दल सांगायचं असेल तर सांगेल, आणि तेव्हा त्याचा शब्द शोधवहीत इतर कुठल्याही स्रोतासारखाच तीन रकान्यांत जाईल, 'त्याला कसं माहीत' यासकट. नसेल सांगायचं तर त्याला पुलाच्या गटात घ्या. दोर वळायचे व्हिडिओ बघून सुतळीवर तसा पीळ घालून बघायला कुणीतरी लागेलच.